गाड्यांची ही असली नावं कशासाठी?

कृष्णाकाठ

गाडी कितीही दणकट असली तरी तिचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, पंपावरच्या पोराला आणि गॅरेजच्या मिस्त्रीला एका दमात घेता आलं पाहिजे. एवढी साधी अपेक्षाही हल्ली पूर्ण होत नाही, म्हणून हा धागा.

आधीच सांगतो, गाड्यांबद्दल तक्रार नाही. नाशिक आणि चाकणला आज जे बनतंय ते बघून ऊर भरून येतो. राग आहे तो नावांवर. कर्व्हच्या शेवटी दोन व्ही. थार रॉक्सच्या शेवटी दोन एक्स. थार हे किती सुंदर नाव आहे! वाळवंटाचं नाव, तोंडात सहज बसणारं, ऐकताक्षणी गाडी डोळ्यासमोर उभी राहते. पाच दारांची थार बाजारात येण्याआधीच लोक तिला 'पाच दरवाज्यांची थार' म्हणायला लागले होते. तेच नाव पुरेसं होतं. एक्सयूव्ही ३०० ची २०२४ मध्ये एक्सयूव्ही थ्री एक्स ओ झाली, आणि आता ते नाव जो तो आपापल्या परीने लिहितो. आकडा कुठे संपतो आणि अक्षर कुठे सुरू होतं, ते कागदावर बघूनही कळत नाही.

डिझायर २००८ ला आली ती डी, झेड, आय, आर, ई अशा स्पेलिंगने. मुलाला शाळेत हाच शब्द लिहायला सांगितला की तो गाडीमागचं स्पेलिंग लिहितो. स्कोडाने तर नियमच करून टाकलाय की पेट्रोल-डिझेलच्या एसयूव्हीचं नाव के ने सुरू व्हायचं आणि क्यू ने संपायचं: कोडिअॅक, कॅरॉक, कुशाक, कायलॅक. वाचताना क्यू चा नुसता 'क' करायचा हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते नाव वाचता येतं.

याचा त्रास खरोखर होतो. विम्याच्या नूतनीकरणासाठी फोनवर गाडीचं नाव सांगितलं, पलीकडच्या मुलीने दोनदा विचारून घेतलं, आणि पॉलिसी आली ती त्याच कंपनीच्या भलत्याच मॉडेलच्या नावाने. दुरुस्ती करून घ्यायला अर्ज, आरसीची प्रत, सगळं परत. अपघात झाल्यावर हे लक्षात आलं असतं तर काय झालं असतं, या विचारानेच मला घाम फुटला. त्या मुलीचा दोष मी मानत नाही. ते नाव फोनवर सांगण्याजोगं नव्हतंच.

आणि चांगली नावं ठेवता येत नाहीत असंही नाही. टाटा सुमो १९९४ ला आली. पैलवानावरून नाव पडलं असं निम्म्या लोकांना वाटतं, पण ते सुमंत मुळगावकरांचं नाव आहे, सुमंतचा 'सु' आणि मुळगावकरच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो'. ज्या माणसाने टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी केली त्याचं नाव गाडीवर, तेही दोन अक्षरांत. गावोगावी लोकांनी ते उचललं. असं नाव ठेवायला आज कुणाला सुचत का नाही?

तुम्हाला खटकणारी नावं सांगा. आवडणारीही सांगा.

तिसरा_गिअर

दादा, मला नाही पटलं. नाव दोन महिने विचित्र वाटतं, मग गाडी रस्त्यावर दिसायला लागली की कुणी विचारही करत नाही. टियागोचं मूळ नाव झिका होतं, 'झिपी कार'चं लघुरूप. गाडी यायच्या तोंडावर, २०१६ च्या फेब्रुवारीत, जागतिक आरोग्य संघटनेने झिका विषाणूसाठी आणीबाणी जाहीर केली आणि टाटांना नाव बदलावं लागलं. टियागो, सिव्हेट आणि अॅडोर या तीन नावांवर लोकांची मतं मागवली, त्यातून टियागो आलं. टियागो या नावाचा आपल्याकडे कुणाला काय संबंध लागतो? तरी गाडी धडाक्यात खपली. रॉक्सही तशीच खपतेय. आमच्या वयाच्या मुलांना ते नाव आवडतं, हेही लक्षात घ्या.

शेव्हर्लेच्या नोव्हाची गोष्ट माहीत असेलच. स्पॅनिशमध्ये 'चालत नाही' असा अर्थ निघाला आणि गाडी पडली. तसं काही असेल तर ठीक, बाकी नावाने काही अडत नाही.

सुट्टे_भाग

अडतं. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. रोज अडतं.

कृष्णाकाठ, तुमचा राग स्पेलिंगवर आहे. माझ्या काउंटरला स्पेलिंगने फार बिघडत नाही. गिऱ्हाईक 'रॉक्स' म्हणतं, मी ऐकतो, विषय संपला. खरा घोळ दोन गोष्टींनी होतो. एकच नाव वेगवेगळ्या गाड्यांना देतात, आणि एकाच गाडीला वेगवेगळी नावं देतात.

अर्बन क्रूझर घ्या. टोयोटाची २०२० ची अर्बन क्रूझर म्हणजे मारुतीची ब्रेझा. २०२२ ची अर्बन क्रूझर हायरायडर म्हणजे ग्रँड व्हिटाराची बहीण. २०२४ ची अर्बन क्रूझर टायसर म्हणजे फ्राँक्स. तीन वेगळ्या गाड्या. गिऱ्हाईक येऊन नुसतं म्हणतं, "अर्बन क्रूझरचे पुढचे ब्रेक पॅड द्या." त्याचं काही चुकत नाही, गाडीवर तेच लिहिलंय. मी विचारतो कुठली, तर म्हणतो, "पांढरी."

बलेनो बघा. पहिली बलेनो डिकीवाली सेडान होती. २०१५ ला आलेली बलेनो हॅचबॅक. दोन्हींत नाव सोडून काही सामाईक नाही. ग्रँड व्हिटाराही तशीच, जुनी वेगळी, २०२२ ची वेगळी. होंडाने २०२० ला नवी सिटी काढली तेव्हा जुनीही विक्रीला ठेवली, म्हणजे एकाच वर्षाच्या दोन वेगळ्या सिटी रस्त्यावर आहेत. वर्ष विचारूनही उपयोग नाही.

उलटा प्रकार म्हणजे लोगन आणि व्हेरिटो. महिंद्रा आणि रेनोची भागीदारी सुटली, गाडी तीच राहिली, नाव बदललं. रेनोची डस्टर आणि निसानची टेरानो. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा. टीयूव्ही ३०० ची २०२१ मध्ये बोलेरो निओ झाली. आता निओवाला दुकानात येऊन नुसतं "बोलेरो" म्हणतो. साधी बोलेरो २००० सालापासून चालू आहे आणि तिचा निओशी काडीचा संबंध नाही. मिस्त्रीने माणूस लांबच्या गावाहून पाठवलेला असतो, चुकीचा पार्ट घेऊन गेला की त्याचा दिवस वाया, गाडी जॅकवर, आणि माझ्याकडे परत आलेल्या मालाचं पाकीट फाटलेलं.

म्हणून आमचा नियम असा झालाय की नाव विचारायचंच नाही. आरसीचा फोटो मागवायचा, १७ अक्षरांचा चासी नंबर कॅटलॉगात टाकायचा, मग पार्ट नंबर काढायचा. याहून भरवशाचा मिस्त्री तो, जो जुना पॅड कागदात गुंडाळून खिशात घालून आणतो. पॅडच्या मागच्या पत्र्यावर नंबर असतो. तो घासलेला असला तर नवा त्याच्यावर ठेवून कान जुळवून बघायचे. नावापेक्षा तो गंजका तुकडा जास्त खरं सांगतो.

बोधचिन्ह

ट्रेडमार्कच्या कामात असल्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

नावं अशी होण्यामागे कायदा आहे. व्यापारचिन्ह कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ९ प्रमाणे मालाचा दर्जा, प्रकार, उपयोग सांगणारा साधा शब्द सहसा नोंदवता येत नाही. आणि जो शब्द नोंदवण्याजोगा असतो तो बहुतेक वेळा कुणीतरी आधीच घेतलेला असतो. वाहनांचा वर्ग १२. त्यात मोटारी, दुचाकी, सायकली, टायर, सगळ्यांची गर्दी. कंपनीला हेच नाव आणखी अनेक देशांत लागतं. अशा वेळी वकील एकच सल्ला देतो, कुठल्याही कोशात नसलेला शब्द बनवा. दोन व्ही, दोन एक्स, क्यू हे सगळं तिथून येतं. बनवलेला शब्द न्यायालयात राखायला सगळ्यात सोपा.

काळजी घेऊनही काय होतं बघा. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ई दाखवली. ६ई हा इंडिगो विमान कंपनीचा संकेतांक आहे, तिकिटावर असतो तो. त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. महिंद्राने न्यायालयात लढू असं सांगत डिसेंबरमध्ये गाडीचं नाव तात्पुरतं बीई ६ केलं. एका अक्षरासाठी एवढं.

पण एक गोष्ट मी व्यवसायात असूनही मान्य करतो. कायदा बनावट शब्द मागतो, उच्चारायला अवघड शब्द मागत नाही. आल्ट्रोझ हे नाव अल्बट्रॉस पक्ष्यावरून घेतलं, अक्षरं हलवली, नोंदणीही झाली आणि तोंडात बसतंही. इंडिका 'इंडियन' आणि 'कार' यांतून आलं. सुमो तर आहेच. थोडा वेळ घालवला तर दोन्ही साधतं. आज तो वेळ घालवत नाहीत, कारण नाव ठरवणाऱ्यांसमोर पडद्यावर लिहिलेला शब्द असतो. तो मोठ्याने म्हणून बघायची पाळी शेवटी येते.

तिसरा_गिअर, नोव्हाची गोष्ट खरी नाही. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी व्यवस्थित विकली गेली. 'नोव्हा' एका शब्दात म्हटलं की स्पॅनिश माणसालाही त्यातून 'चालत नाही' ऐकू येत नाही. मार्केटिंगच्या वर्गात अजून शिकवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मांडवी

पण ह्युंदाईच्या कोनाची गोष्ट खरी आहे. २०१९ ला ती इलेक्ट्रिक गाडी भारतात आली तेव्हा आमच्या पणजीत ज्या घरांत अजून पोर्तुगीज बोलतात तिथल्या वडीलधाऱ्यांनी टीव्हीवरची जाहिरात बघून मान फिरवली. पोर्तुगीजमध्ये त्याच उच्चाराचा शब्द चारचौघांत म्हणता येत नाही. पोर्तुगालमध्ये कंपनीने तिचं नाव काउआई ठेवलं. दोन्ही नावं हवाईतलीच, कोना हा मोठ्या बेटाचा पश्चिम भाग आणि काउआई हे वेगळं बेट. म्हणजे अडचण त्यांना ठाऊक होती. गोव्यात पोर्तुगीज कळणारी माणसं आता थोडी उरली आहेत, त्यांचा विचार कुणी केला नाही. विक्रीच्या हिशेबात ते बरोबरही असेल. मला वाईट वाटलं ते त्या माणसांसाठी.

मित्सुबिशीने पजेरोचं स्पॅनिश देशांत माँटेरो केलं तेही याच कारणाने.

सोळा_तेरा

माझ्या आयडीवरून ट्रकवाल्यांना कळलंच असेल. वाहतुकीच्या धंद्यात नावाचा प्रश्नच नव्हता, कारण आकड्यात सगळं होतं. टाटा १६१३ म्हणजे १६ टनांच्या आसपास एकूण वजन आणि १३० च्या घरातली अश्वशक्ती. २५१५ म्हणजे २५ टन आणि १५०. ३११८ म्हणजे ३१ टन आणि १८०. ४०७ सुद्धा तसंच, ४ टन आणि ७०. शाळेची पायरी न चढलेला क्लीनरही नुसता आकडा ऐकून सांगायचा, यात किती माल भरता येईल आणि घाटात किती दम धरेल. 'सोळा-तेरा आहे, खंबाटकीला दुसऱ्यात चढेल' एवढं बोलणं झालं की भाडं ठरायचं. आकडा ठेवायचा तर असा ठेवावा.

चारचाकीवाल्यांचं आकड्यांचं प्रकरण मला अजिबात समजत नाही. मारुती ८०० मध्ये ७९६ सीसी इंजिन होतं, हिशेब सरळ. बीएमडब्ल्यू ३३०आय मध्ये तीन लिटर इंजिन असेल असं वाटतं, असतं दोन लिटरचं. ऑडीने ठरवलं की सम आकडा विजेच्या गाड्यांना आणि विषम आकडा पेट्रोल-डिझेलला. त्यासाठी ए४ च्या जागी आलेल्या गाडीला ए५ केलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती पद्धतच मागे घेतली. एवढी मोठी कंपनी, स्वतःच्याच आकड्यांचा मेळ तिला लागेना. ज्याने त्या मधल्या काळात गाडी घेतली त्याने पुढे विकताना काय सांगायचं?

अनघा_स

धागा आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कंपनीने काहीही नाव ठेवलं तरी लोक आपलं नाव ठेवतात, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. टाटा एस २००५ ला आली. आमच्या बाजारपेठेत एस कुणी म्हणत नाही, 'छोटा हत्ती' म्हणतात. भाजीवाला फोनवर "हत्ती पाठव" म्हणतो आणि काम होतं. पेण-अलिबागकडे सीट भरून जाणाऱ्या तीनचाकीला 'मिनीडोर'. कोल्हापूरकडे गाडी कुठल्याही कंपनीची असो, खचाखच भरून निघाली की 'वडाप'. मुंबईत काळी-पिवळी म्हणजे टॅक्सी, विदर्भात काळी-पिवळी म्हणजे सीट भरून जाणारी जीप. आणि 'टेम्पो' तर बघा, हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं नाव. फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली, आणि आता माल वाहणारी कुठलीही लहान गाडी म्हणजे टेम्पो. लग्नाचा बस्ता टेम्पोने येतो, गणपती टेम्पोने जातो.

आपल्या एसटीने नावांचं काम फार मनापासून केलंय असं मला वाटतं. शिवनेरी, शिवशाही, विठाई, हिरकणी. रात्री बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव एका बसला द्यावं, हे ज्याला सुचलं त्याचं मला खरंच कौतुक आहे. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावली, आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर विजेवरची गाडी धावली, तिचं नाव शिवाई. सरकारी महामंडळाला हे जमतं. खाजगी कंपन्यांनी मराठी नाव ठेवावं असा हट्ट नाही माझा, पण ज्या लोकांना गाडी विकायची त्यांच्या मनातलं काहीतरी त्यात असावं.

गिरगावकर

अनघाताई, मुद्दा पटतो, पण देशी नाव ठेवलं म्हणजे ते रुजतंच असं नाही. आमच्या मुंबईच्या टॅक्सीचंच बघा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने सत्तरच्या दशकात फियाटला राणी पद्मिनीचं नाव दिलं. इतकं सुरेख नाव, बॉनेटवर ठसठशीत. पण माझ्या वडिलांनी, टॅक्सीवाल्यांनी, सगळ्या चाळीने ती गाडी संपेपर्यंत तिला 'फियाट'च म्हटलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत २०२३ ला संपली. तेव्हा वर्तमानपत्रांनी 'पद्मिनी गेली' म्हणून लिहिलं आणि आमच्या आईने विचारलं, "कोण पद्मिनी?"

एसटीची हिरकणीही लोकांच्या तोंडी 'एशियाड' म्हणूनच राहिली. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांवरून पडलेलं नाव ते. जे नाव आधी कानावर पडतं ते हटत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. धागा माझ्या मूळ तक्रारीच्या बराच पुढे गेला.

गिरगावकर, तुमच्याच उदाहरणाने माझं म्हणणं आणखी घट्ट होतं. पहिलं नाव हटत नसेल तर ते पहिल्याच दिवशी नीट ठेवायला नको का? टीयूव्हीची निओ केली, ३०० ची थ्री एक्स ओ केली, आणि जुन्या मालकांना आपण नक्की कुठल्या गाडीचे मालक आहोत हे दर वेळी समजावून सांगावं लागतं. टाटांनी ग्रॅव्हिटास म्हणून दाखवलेली गाडी २०२१ मध्ये सफारी नावाने आणली, त्यात जुन्या सफारीवाल्यांना बरं वाटलं की वाईट, हे त्यांनीच सांगावं. जुन्या नावाचा मान वापरायचा तर गाडी निदान त्याच वळणाची हवी, असं मला वाटतं.

बोधचिन्ह, मोठ्याने म्हणून बघायचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. कंपन्यांनी नाव पक्कं करण्याआधी सुट्टे_भाग यांच्यासारख्या दुकानात एक दिवस माणूस बसवावा. तिथे येणारी माणसं ते नाव कसं घेतात हे नुसतं ऐकावं.

जत_रोड

धागा वाचून धास्ती वाटली म्हणून विचारतो. जुनी टीयूव्ही ३०० घ्यायचं चाललंय, २०१५ अखेरची आहे. नाव बंद झालं म्हणजे पार्टही बंद होणार का? घरचे म्हणतात बंद झालेल्या नावाची गाडी नको.

सुट्टे_भाग

नाव बंद झालं, गाडी नाही. निओमुळे सस्पेन्शन आणि ब्रेकच्या बऱ्याच मालाची काळजी नको. पुढचं तोंड मात्र बदललंय, बंपर, जाळी, हेडलाइट निओचे बसणार नाहीत, ते बघूनच घ्या. फुटलेलं असेल तर किमतीत धरा. दुसरं म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांना एमहॉक ८० इंजिन आहे, नंतरच्यांना आणि निओला १००. २०१५ ची म्हणताय तर ८० असणार, तरी मालकाच्या बोलण्यावर जाऊ नका. व्यवहार करण्याआधी आरसीचा आणि चासी नंबरचा फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा, कॅटलॉगात टाकून काय मिळतं काय नाही ते सांगतो.